अर्चिन प्रयोगशाळेत वाढवावेत की समुद्रातूनच गोळा करावेत?

वडोदऱ्यात प्राणिशास्त्र शिकून पुढे प्रवाळभित्तींवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचे सागरी अर्चिनांच्या (गोल कवचाच्या काटेरी समुद्री प्राण्यांच्या) पुनरुज्जीवनाचा, म्हणजे घटलेली संख्या पुन्हा वाढवण्याचा, विषय घ्यावा इथपर्यंत ठरलेले असते. आपली उमेदीची वर्षे कोणत्या पद्धतीवर खर्च करावीत, याचा निर्णय मात्र झालेला नसतो. हा आढावा त्या निर्णयासाठी आहे.

या विषयाचे मूळ कॅरिबियन समुद्रात आहे. डायडेमा अँटिलारम हा लांब काट्यांचा काळा अर्चिन तिथे शैवल खरवडून खातो आणि प्रवाळांच्या डिंभांना (पाण्यात तरंगणाऱ्या बाल्यावस्थेतील जीवांना) बसण्यासाठी खडक मोकळा ठेवतो. जानेवारी १९८३ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर त्यांचे मरण सुरू झाले आणि साधारण वर्षभरात, प्रवाहांबरोबर पसरत, जवळजवळ सगळ्या कॅरिबियनमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक अर्चिन नाहीसे झाले. रोगकारक कोणता, हे तेव्हा सिद्ध झाले नाही. जमैकाच्या भित्तींवर १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रवाळांचे आच्छादन सुमारे ५२ टक्के होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस ते सुमारे ३ टक्क्यांवर आले आणि खडक शैवलाने भरून गेले. १९८० च्या ॲलन चक्रीवादळानेही मोठी हानी केली होती. परंतु शैवल खाणारे मासे मासेमारीमुळे आधीच विरळ झालेले असल्याने खडक स्वच्छ ठेवण्याचा सारा भार या एकाच प्राण्यावर येऊन पडला होता, आणि तोच गेला.

पुढील तीस वर्षांत संख्या फार हळू वाढली. अर्चिनांची अंडी आणि शुक्राणू पाण्यातच एकत्र येतात. नर-मादी एकमेकांपासून फार दूर राहिले की फलन होतच नाही, त्यामुळे विरळ झालेली वस्ती विरळच राहते. त्यातच २०२२ च्या प्रारंभी व्हर्जिन बेटांवर पुन्हा मरण सुरू झाले. आजारी अर्चिनाच्या नालपादांची (खडकाला धरून ठेवणाऱ्या नळीसारख्या पायांची) पकड सुटते, काटे ताठ राहत नाहीत, ते गळू लागतात आणि काही दिवसांत उघडे कवच उरते. या वेळी कारण सापडले: २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात फिलास्टर गटातील एक सिलिएट (केसांसारख्या तंतूंनी हालणारा एकपेशीय जीव) दोषी ठरला. तांबड्या समुद्रातील डायडेमा सेटोसमच्या मृत्यूशीही त्याचा संबंध आढळला आणि ही जाती भारतीय समुद्रातही राहते. म्हणून हा प्रश्न मला दूरचा वाटत नाही.

पहिली पद्धत संगोपनगृहाची. निवडक प्रौढांकडून अंडी मिळवून डिंभ टाक्यांत वाढवायचे आणि पिल्ले भित्तीवर सोडायची. फ्लोरिडात डायडेमावर हे काम चालू आहे. हवाईमध्ये ट्रिप्न्यूस्टिस ग्रॅटिला या वेगळ्या अर्चिनाची संगोपनगृहात वाढवलेली लाखो पिल्ले २०११ पासून कानेओहे उपसागरात सोडली गेली आहेत आणि तिथे आक्रमक शैवल आटोक्यात ठेवण्यास त्यांची खरोखर मदत झाली आहे. परंतु हवाईचे यश पाहून डायडेमाबद्दल अंदाज बांधू नये. डायडेमाचे डिंभ महिनाभराहून अधिक काळ पाण्यात तरंगत राहतात, त्यांना योग्य सूक्ष्म शैवल योग्य वेळी द्यावे लागते, आणि लांब नाजूक भुजा असलेले हे डिंभ पाणी जोरात ढवळले तरी दगावतात. थोड्याच पालकांची संतती सोडल्यास आनुवंशिक विविधता घटते, हा धोका वेगळाच. असे असले तरी या पद्धतीचा एक गुण दुसऱ्या कोणत्याही पद्धतीत नाही: रोगाची साथ आली असताना समुद्रापासून वेगळी, सुरक्षित वस्ती राखता येते. २०२२ नंतर या गुणाचे मोल मला फार वाटते.

दुसरी पद्धत समुद्रावर अधिक विसंबते. साबा आणि सिंट युस्टेशियस या कॅरिबियन बेटांजवळ मत्स्यालयाच्या गाळणीत वापरतात तसले प्लॅस्टिकचे जाळीदार गोळे दोरीला ओवून पाण्यात टांगण्यात आले आणि त्यांच्या खाचाखोचांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची पिल्ले येऊन बसली. ती वेचून, शिकाऱ्यांपासून बचाव होईल इतकी मोठी करून भित्तीवर सोडली जातात. पोर्तो रिकोतही याच धर्तीवर काम झाले आहे. डिंभसंगोपनाचा सर्वांत कठीण टप्पा येथे समुद्रच पार पाडतो, खर्च कमी राहतो आणि अनेक पालकांची संतती हाती येते. अडचण अशी की जिथे डिंभ येतच नाहीत तिथे ही पद्धत निरुपयोगी आहे, आणि ते येतात की नाही हे गोळे टांगून अनेक महिने पाहिल्याशिवाय कळत नाही. सोडलेली पिल्ले मासे आणि शेवंड खातात, हे दुःख दोन्हीकडे सारखेच. लपायला कपारी नसतील तर कोणतीही पद्धत टिकणार नाही.

डिंभ पोहोचत असतील तर दुसरी पद्धत निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्चिन जितके अधिक तितके बरे, असे मात्र कोणी समजू नये. केनियाच्या किनाऱ्यावर अर्चिन खाणारे ट्रिगरफिश मासेमारीत संपल्यावर एकायनोमेट्रा अर्चिन इतके वाढले की त्यांनी प्रवाळांचा सांगाडाच कोरून पोखरला.

वडोदऱ्याच्या विद्यार्थ्यासमोर आणखी एक पर्याय आहे आणि तो मी सर्वांत आधी सुचवेन. कच्छच्या आखातात जामनगरजवळ सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि नरारा येथे ओहोटीला प्रवाळांपर्यंत चालत जाता येते. बडोदे संस्थानाने सागरी प्राणिशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांच्याकडून याच आखाताच्या तोंडाशी असलेल्या ओखामंडळाच्या सागरी प्राण्यांची पाहणी करवून घेतली होती आणि तिचा अहवाल १९०९ पासून प्रसिद्ध होऊ लागला. म्हणजे आपल्या शहराकडे या किनाऱ्याचा शंभर वर्षांहून जुना लिखित आधार आहे. वन विभागाची परवानगी घेऊन, एक चौरस मीटरची चौकट ठरलेल्या जागी दर ऋतूत ठेवून, अर्चिनांची जात, संख्या, कवचाचा व्यास आणि गळलेले काटे यांची नोंद करणे एका प्रबंधाच्या आवाक्यातले आहे. काटे गळालेले अर्चिन वाढलेले दिसले तर साथीची शंका वेळीच घेता येईल. त्यासाठी आधी निरोगी वर्षांची आकडेवारी हाताशी असायला हवी. संगोपनगृहाचे कौशल्य शिकायचेच असेल तर वडोदरा समुद्रापासून दूर असल्याने किनाऱ्यावरील एखाद्या मत्स्यसंशोधन केंद्रात काही काळ राहावे लागेल, आणि तो निर्णय ही मोजणी एक-दोन वर्षे करून झाल्यावर घेणे अधिक योग्य ठरेल.