आठ महिने ओबीडी स्कॅनर वापरल्यानंतर : इंधनदाब रेग्युलेटरच्या सर्किटमधला दोष

माझी डिझेल गाडी चालता चालता बंद पडू लागली आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तेव्हा मी हा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकात नोंदलेले दोषांचे कोड आणि चालू मापे वाचणारे यंत्र, घेतला. त्याला आता आठ महिने झाले. त्याआधी एका वर्कशॉपमध्ये ‘पी-००९०’ हा कोड वाचून कॉमन रेलवरचा (इंजेक्टरांना उच्च दाबाचे डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीवरचा) प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे तो दाब नियंत्रित करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, बदलण्यात आला होता, आणि नवा भाग बसवूनही तिसऱ्याच दिवशी तोच कोड पुन्हा आला. म्हणून हे यंत्र कुठपर्यंत उपयोगी पडते आणि कुठे थांबते, हे सविस्तर लिहीत आहे.

पी-००९० म्हणजे रेग्युलेटरच्या नियंत्रण सर्किटमध्ये खंड किंवा बिघाड, पी-००९१ म्हणजे त्या सर्किटमधला व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी आणि पी-००९२ म्हणजे जास्त. पी-००८९ वेगळा आहे. त्यात तक्रार रेग्युलेटरच्या कामगिरीबद्दल असते. सर्किट म्हटले की त्यात फ्यूज, रिले, तारा, कनेक्टर, रेग्युलेटरची कॉइल आणि ईसीएममधला (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकातला) ड्रायव्हर, म्हणजे रेग्युलेटरची वीज चालू-बंद करणारा भाग, हे सगळेच येते. स्कॅनर मात्र एका ओळीचे वर्णन दाखवून थांबतो, आणि त्या ओळीत रेग्युलेटरचे नाव असल्यामुळे पहिला संशय त्या भागावरच जातो. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले.

स्कॅनरची खरी उपयुक्तता मला फ्रीझ फ्रेम आणि थेट आलेखात जाणवली. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणीची इंजिनाची स्थिती. तिन्ही वेळा इंजिन तापलेले होते आणि फेरे मिनिटाला हजाराच्या आत होते, म्हणजे ज्या वेळी इंजिनाचा थरकाप जास्त असतो त्याच वेळी दोष उमटत होता. वायरिंगचा संशय मला इथेच प्रथम आला. आलेखात अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब या दोन रेषा आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) २८० बारच्या आसपास एकमेकींवर बसून चालत असत, आणि दोष आला की अपेक्षित दाबाची रेषा जागच्या जागी राहून प्रत्यक्ष दाबाची रेषा एकदम कोसळत असे. माझ्या गाडीतला रेग्युलेटर वीज तुटली की उघडतो, त्यामुळे दाब उतरतो. काही गाड्यांत पंपावरच्या, किती डिझेल पुढे जावे हे ठरवणाऱ्या मीटरिंग व्हॉल्व्हमुळे नेमके उलट होते, वीज गेली की दाब चढतो. आपल्या गाडीत कोणती रचना आहे हे आधी माहीत नसेल तर आलेख दिशाभूल करतो.

एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. एका वेळी दहा-बारा मूल्ये निवडली की आलेख अगदी संथ हलतो आणि क्षणभराचा दोष त्यातून निसटतो. मी तीनच मूल्ये ठेवू लागलो तेव्हाच ती कोसळणारी रेषा मला प्रथम दिसली.

यापुढचे काम मल्टिमीटरचे. रेग्युलेटरचा कनेक्टर काढून पुरवठ्याच्या पिनवर मोजले तर १२.४ व्होल्ट आले, आणि तारेचे सातत्य (ती कुठे तुटलेली नाही ना) तपासले तर बझरही वाजला. या दोन्ही चाचण्यांनी मला फसवले, कारण मीटर तारेतून जवळजवळ प्रवाह ओढतच नाही. तांब्याचा एक तंतू शिल्लक असला तरी त्याला तार ठीकच दिसते. मग त्याच पिन आणि बॅटरीची अर्थ (ऋण टोक) यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडला. व्होल्टेज लगेच १०.६ वर आला. बल्ब साधारण १.६ अँपिअर ओढत होता, म्हणजे वाटेत एक ओहमहून थोडा अधिक रोध होता. ज्या कॉइलचा स्वतःचा रोध जेमतेम तीन ओहम आहे, तिच्यासाठी हा फार मोठा अडथळा आहे.

हार्नेसची (तारांच्या जुडग्याची) टेप उलगडली तेव्हा वरून सर्व तारा शाबूत दिसत होत्या. पुरवठ्याची तार चिमटीत धरून बोटे सरकवत नेली, तर ब्रॅकेटच्या कडेला ती टेकत होती तिथे एका जागी मऊ लागली. इन्सुलेशन चिरले तर आत तांबे हिरवे पडले होते आणि चार-पाचच तंतू उरले होते. तेवढा तुकडा कापून नवी तार जोडली, वर गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवली आणि हार्नेस ब्रॅकेटपासून दूर बांधला. पुन्हा बल्ब लावला तेव्हा घट ०.२ व्होल्टच्याही आत होती.

स्कॅनरच्या उणिवाही आहेत. सर्वसाधारण मोडमध्ये माझ्या गाडीचा फक्त प्रत्यक्ष दाब दिसतो. अपेक्षित दाबासाठी उत्पादकाचा स्वतंत्र मोड उघडावा लागतो, आणि तो मेनूमध्ये सहज सापडत नाही. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, पण यंत्र तशी पूर्वसूचना देत नाही. माझी पहिली नोंद अशीच गेली. स्कॅनर ज्यात लावतात त्या सॉकेटच्या सोळाव्या पिनवर बॅटरीचा पुरवठा कायम असतो, त्यामुळे स्कॅनर लावून गाडी बरेच दिवस उभी ठेवू नये.

हे काम करणाऱ्याने इंजिन चालू असताना रेलची नळी कधीही सैल करू नये, कारण त्या दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वरच्या सगळ्या चाचण्या विजेच्या बाजूच्या आहेत आणि त्यांत इंधनाचा एकही जोड उघडावा लागत नाही.

दुरुस्तीला साडेचार महिने झाले आहेत. दर महिन्याला मी इंजिन तापवून दहा मिनिटे आलेख पाहतो. दोन्ही रेषा एकमेकींवरून हललेल्या नाहीत आणि जुना रेग्युलेटर, जो मी फेकला नव्हता, पुन्हा गाडीत बसवल्यावरही तसाच व्यवस्थित चालत आहे.