फाइल मॅनेजरमधून सर्व्हर जोडणं: सोय मस्त, एरर मात्र मुका

साइडबारमध्ये सर्व्हरचा पत्ता टाकला की तिकडचा फोल्डर आपल्याच डिस्कवर असल्यासारखा उघडतो, हे मला मनापासून आवडलंय. पण कनेक्शन अडलं की नुसतं 'जोडता आलं नाही', का ते सांगतच नाही! माझे दोन तास गेले, शेवटी टर्मिनलमधून एसएसएच (सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन) केलं तेव्हा कळलं की सर्व्हर नव्याने इन्स्टॉल केल्यामुळे होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी की, बदललीये, मग नोन होस्ट्स फाइलमधली (ओळखीच्या सर्व्हरच्या की आपल्या कॉम्प्युटरवर जिथे साठवतात ती) जुनी ओळ काढली (नवी की खरी आहे ना ते अ‍ॅडमिनला विचारून मगच हां) आणि लगेच जोडलं गेलं. तुमचं अडलं तर पोर्टही (कनेक्शनचा दार-क्रमांक) बघा, एसएफटीपीला (एसएसएचवरून फाइल पाठवण्याची पद्धत) सहसा २२, विंडोज शेअरला ४४५, फायरवॉल तिथेच अडवते बऱ्याचदा. सध्या तीन स्टार, एरर नीट दाखवला तर पाच देईन.