माडाच्या करप्यावर लवंग तेल आणि निंबोळी तेल : पंधरा महिने वापरल्यानंतर

आधी झाडं कोणती ते सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्या वाडीशी ताडून बघता येईल. दापोली तालुक्यात, केळशी-आंजर्ल्याच्या किनारपट्टीला आमची वाडी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात सासऱ्यांच्या हातचे माड आणि खालच्या बऱ्याच पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. २०२१ च्या पावसात आम्ही नव्याने ४२ माड लावले, निम्मे बाणवली ही उंच जात, निम्मे टी × डी म्हणजे उंच आणि बुटक्या माडाचा संकर. हा अनुभव या ४२ कोवळ्या माडांचा आहे. पन्नास फुटी जुन्या माडाला त्यातलं फारसं लागू पडणार नाही.

जुनी वाडी म्हणजे सावली होती. आमच्या नव्या झाडांना ती मिळाली नाही. उघड्यावर ऊन, खारा वारा, आणि वादळानंतर खणून-भरून थकलेली जमीन. २०२३ चा पाऊस सरला तेव्हा बाहेरच्या झावळ्यांच्या पात्यांवर पिवळट-तपकिरी ठिपके दिसायला लागले. ठिपका वाढला की मधला भाग राखाडी-पांढरा होतो, कडेला गडद तपकिरी रेघ राहते, आणि त्या राखाडी भागावर बारीक काळे कण उठतात, बोटाने चोळले तरी न जाणारे. ठिपके एकमेकांत मिसळले की पातं टोकाकडून वाळत येतं आणि लांबून झाड होरपळल्यासारखं दिसतं. हाच माडाचा करपा. बुरशीचं नाव पेस्टालोशिऑप्सिस पामारम. आमच्याकडे कोणी त्याला उन्हाचा चटका म्हणतं, कोणी खाऱ्या वाऱ्याचा त्रास. ते काळे कण दिसले तर बुरशी धरून चाला.

यावरचं नेहमीचं औषध म्हणजे एक टक्का बोर्डो मिश्रण : एक किलो मोरचूद (म्हणजे तांब्याचा क्षार), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मी बोर्डोच्या विरोधात नाही, पोफळीला आम्ही आजही मारतो. पण या ४२ झाडांच्या मधोमध आमची पिण्याची विहीर आहे, आणि तांबं मातीतून निघून जात नाही, वर्षानुवर्षं साचत राहतं. दर दोन-तीन आठवड्यांनी फवारायचं तर विहिरीच्या काठाशी तांबं नको, एवढ्या एका कारणासाठी मी वनस्पतीच्या अर्काकडे वळले.

सुरुवात फसली. बाजारातून ‘सेंद्रिय बुरशीनाशक’ लिहिलेली तयार बाटली आणली. कंपनीचं नाव लिहीत नाही. बाटलीवर पानाफुलांची चित्रं भरपूर होती, पण आत कोणता घटक किती टक्के, हे कुठेच छापलेलं नव्हतं. दोन फवारे मारले. वास निंबोळीचा यायचा, ठिपके पुढे सरकतच राहिले. तेव्हापासून एक नियम केला आहे, घटक आणि टक्केवारी छापलेली नसेल ती बाटली वाडीत आणायची नाही.

मग ऑक्टोबर २०२३ पासून स्वतः मांडणी केली. सगळ्या ४२ झाडांच्या जास्त करपलेल्या खालच्या झावळ्या कापून जाळल्या. सगळ्यांना पालाशाचा, म्हणजे पोटॅश खताचा, हप्ता सुरू केला. त्यानंतर एकाआड एक तीन पाळ्या पाडल्या, म्हणजे समुद्राकडची आणि विहिरीकडची झाडं प्रत्येक पाळीत यावीत. लाल चिंधीच्या चौदा झाडांना लवंग तेल आणि निंबोळी तेल. पिवळ्या चिंधीच्या चौदांना दालचिनीच्या पानांचा घरचा काढा. उरलेल्या चौदांना फक्त खत आणि छाटणी, फवारा नाही.

लवंग का, तर तिच्या तेलात मुख्य घटक युजेनॉल असतो, साधारण सत्तर ते नव्वद टक्के. दाढ दुखली की कापसावर घेतो तेच तेल. युजेनॉल बुरशीच्या पेशीचं आवरण बिघडवतं, त्यामुळे पानावर पडलेल्या बीजाणूला रुजणं अवघड होतं. ओव्यातला थायमॉल आणि गवती चहातला सिट्रालही अशाच तऱ्हेने काम करतात. लवंग तेल मला चांगल्या प्रतीचं मिळालं म्हणून ते घेतलं, एवढंच.

दालचिनीचा काढा मात्र मनापासून केला होता. आमच्या वाडीत कोकण तेज जातीची दालचिनी आहे. कृषी विद्यापीठाने ज्याला लाखी बाग म्हटलं, त्या पद्धतीने सासऱ्यांनी माडांत जायफळ, दालचिनी, काळी मिरी लावली होती. माड पडले, पण बुटकी दालचिनी वाचली. तिच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड असतं, पानांच्या तेलात मात्र युजेनॉलच जास्त. माडाच्या पायाशी उगवलेलं झाड माडाचंच औषध होईल, या कल्पनेने मला फार आनंद झाला होता. दोन किलो पानं दहा लिटर पाण्यात उकळायची, निम्मं आटवायचं, गाळून फवारायचं. सात महिने हे केलं. काढ्याची झाडं आणि बिनफवाऱ्याची झाडं यांत मला काहीच फरक सापडला नाही.

कारण नंतर लक्षात आलं. उघड्या पातेल्यात पानं उकळताना घरभर जो सुवास सुटायचा तेच औषध होतं, आणि ते वाफेबरोबर निघून जात होतं. पातेल्यात उरायचं ते रंगीत पाणी. तेल हवं असेल तर वाफ कोंडून, थंड करून धरावी लागते, म्हणजे भट्टीच लागते. घरच्या काढ्यावर विसंबून कोणी मोसम घालवू नये म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

आता लाल चिंधीची झाडं. पंधरा लिटरच्या पाठीवरच्या पंपाला ३० मिली लवंग तेल, ७५ मिली निंबोळी तेल, ४० मिली पातळ साबण. म्हणजे लिटरला लवंग तेल दोन मिली, निंबोळी पाच मिली. एका टाकीत चौदा झाडं होतात. क्रम फार महत्त्वाचा. आधी दोन्ही तेलं आणि साबण बरणीत एकजीव करायचे, मग थोडं थोडं कोमट पाणी घालत हलवायचं. ताकासारखं पांढरं, एकसारखं झालं की टाकीत ओतायचं. पाण्यात थेट तेल टाकलं तर निंबोळी तेल वर तरंगतं आणि लवंग तेल तळाशी बसतं, कारण ते पाण्याहून जड असतं. मग पहिल्या झाडाला भलतंच तीव्र औषध मिळतं आणि शेवटच्याला नुसतं साबणाचं पाणी. जड असल्याचा एक फायदा मात्र आहे. खरेदी करताना ग्लासभर पाण्यात थेंब टाकून बघते, वर तरंगला तर तेलात भेसळ असल्याचा संशय धरते.

थंडीत निंबोळी तेल थिजतं. बाटली गरम पाण्याच्या बादलीत ठेवली की सुटतं. दुसरी गोष्ट पंपाची. लवंग तेलाने माझ्या पंपाचे रबरी वायसर दोन महिन्यांत फुगले आणि गळती लागली. आता फवारणी संपली की साबणाच्या पाण्याने पंप दोनदा धुते आणि वायसरचा जादा जोड घरात ठेवते. डोळ्यांना चष्मा लावाच. वाऱ्याने एक उडालेला थेंब डोळ्यात गेला तेव्हा अर्धा तास डोळा उघडत नव्हता.

सगळ्यात मोठी चूक माझी नोव्हेंबरमधली. दोन मिलीने काय होणार, असं वाटून एका फेरीला लिटरला पाच मिली घेतलं, आणि तेही सकाळी अकराच्या उन्हात. दोन दिवसांत सहा झाडांच्या सगळ्यात कोवळ्या झावळीची टोकं तपकिरी झाली. लवंग तेल तीव्र मात्रेत तण जाळायलाही वापरतात. वनस्पतीपासून काढलेलं म्हणून ते सौम्य असेल हा माझा समज त्या सहा झाडांनी फेडला. तेव्हापासून दोन मिलीच्या वर जात नाही, आणि ऊन कलल्यावर, पाचनंतरच फवारते. नवीन झाडावर आधी एका पात्यावर मारून दोन दिवस थांबते.

संध्याकाळच्या फवारणीने आणखी दोन गोष्टी साधल्या. तेल उडून जाणारं असल्यामुळे उन्हात ते लवकर निघून जातं, रात्रीच्या गारव्यात जरा टिकतं. आणि शेजारच्या मोठ्या माडांच्या पोयीवर, म्हणजे फुलोऱ्यावर, दिवसभर मधमाश्या असतात, त्या संध्याकाळी परतलेल्या असतात. फेरी दर एकवीस दिवसांनी ठेवली. पात्याच्या दोन्ही बाजू भिजल्या पाहिजेत, खालची बाजू विसरून चालत नाही.

पावसात काय? पावसात हे बंद. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेलाचा थर संध्याकाळी बसला तर पहाटेपर्यंत धुऊन जातो. २०२४ च्या जूनमध्ये मी हट्टाने दोन फेऱ्या मारल्या, दोन्ही फुकट गेल्या. पोफळीच्या कोळेरोगाला, म्हणजे फळकुजीला, आणि माडाच्या कोंबकुजीला तर हे तेल मी वापरणारच नाही. ते फायटोप्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूचं काम, भर पावसात पसरणारं, आणि कोंब गेला की माड गेला. तिथे बोर्डोच. विहिरीपासून दूर असलेल्या पोफळींना पावसाआधी ते व्यवस्थित मारून घेतो.

फरक मोजायचा कसा, हे कळायला मला चार महिने लागले. रोज सकाळी जुन्या ठिपक्यांकडे बघायचे आणि हिरमुसायची. पण करपलेलं पातं पुन्हा हिरवं होत नाही, कुठल्याच औषधाने नाही. हे तेल बरं करणारं नाही, राखणारं आहे. म्हणून बघायचं ते नव्या झावळीकडे. आमच्या झाडांना साधारण दीड महिन्याला एक झावळी उघडते. ती उघडली की देठाला काथ्याची गाठ मारायला लागले, आणि मग तिच्यावर पहिला राखाडी ठिपका कधी दिसतो ते वहीत लिहायचं.

पंधरा महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, प्रत्येक झाडाच्या आतल्या पाच झावळ्या तपासल्या. तेलाच्या चौदांपैकी अकरा झाडांच्या पाचही झावळ्यांवर काळ्या कणांचा एकही ठिपका नव्हता. काढ्याच्या चौदांत अशी सहा झाडं. नुसत्या खत-छाटणीच्या चौदांतही सहाच.

त्या शेवटच्या सहांकडे नीट बघा. फवारा नाही, तरी जवळजवळ निम्मी झाडं स्वच्छ. ती कमाई पालाशाची आणि जाळलेल्या झावळ्यांची. आमच्या वाडीत पूर्वापार शेणखत, कुटीची मासळी आणि आळ्यात मूठभर मीठ एवढंच जायचं. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे पूर्ण वाढीच्या माडाला वर्षाला दोन किलोच्या आसपास म्युरेट ऑफ पोटॅश लागतं, आणि लहान झाडाला वयाच्या हिशेबाने पहिल्या वर्षी एक पंचमांश, दुसऱ्या वर्षी दोन पंचमांश असा वाढता हिस्सा, तीन हप्त्यांत विभागून. करपा पालाश कमी पडलेल्या, अशक्त झाडावर जास्त चढतो. आमचे भाऊजी म्हणतात, “वहिनी, तेल राहू दे, पोटॅश चुकवू नका.” मी म्हणते, दोन्ही. पण पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर भाऊजींचं ऐका.

खर्चाचं सांगायचं तर लवंग तेल मला लिटरला दोन हजारांच्या आसपास पडलं, निंबोळी चारशेला. म्हणजे चौदा झाडांच्या एका फेरीला तेलाचे नव्वद रुपये, वर साबण आणि माझे दीड तास. बोर्डो याहून स्वस्त पडतं, हे खरं आहे. मोठ्या बागेला, शेकडो झाडांना, दर एकवीस दिवसांनी हे परवडणारं नाही. उंच माडाला तर पाठीवरच्या पंपाची धार पोचतच नाही, आणि दर तीन आठवड्यांनी वर चढणारा माणूस मिळणं आता आमच्या गावात शक्य नाही. रोपवाटिका, दोन ते पाच वर्षांची झाडं, अंगणातले माड, विहिरीजवळची झाडं, इथे हे बसतं.

एक फायदा न मागता मिळाला. २०१६ मध्ये भारतात पहिल्यांदा नोंदलेली ती चक्राकार पांढरी माशी आता आमच्याकडेही आहे. पात्यांच्या खालच्या बाजूला पांढरी वर्तुळं घालते, तिच्या चिकट विष्ठेवर काळी काजळी चढते. बरेच जण त्या काजळीलाच करपा समजून बुरशीनाशक मारत बसतात. काजळी बोटाने पुसली जाते, करप्याचे काळे कण जात नाहीत. लाल चिंधीच्या झाडांवर ही माशी ठळकपणे कमी राहिली, आणि ते श्रेय मी निंबोळी आणि साबणाला देते.

सासूबाईंना संध्याकाळी वाडीत दरवळणारा लवंगेचा वास आवडतो. फवारणीच्या दिवशी त्या मुद्दाम पडवीत येऊन बसतात. वादळानंतर कितीतरी महिने त्या वाडीकडे पाठ करून बसायच्या.

काढा मी बंद केला. पिवळी चिंधी सोडून त्या चौदा झाडांना आता लाल बांधली आहे. बिनचिंधीची चौदा तशीच ठेवणार, आणखी एक वर्ष वहीत नोंद करायला. परवा लाल पाळीतल्या विहिरीकडच्या माडाला अकरावी गाठ मारली.