त्सुकिजीच्या काउंटरवर दुपारची सुशी

तोक्योतील त्सुकिजीचा घाऊक मासळी बाजार ऑक्टोबर २०१८मध्ये तोयोसूला हलला, तरी बाहेरच्या बाजारातील गल्ल्या, सुऱ्यांची दुकाने आणि लहान सुशीगृहे तिथेच राहिली. त्यांपैकी एका काउंटरवर, जिथे जेमतेम आठ माणसे बसू शकतात, दुपारचे ओमाकासे घेतले. म्हणजे काय वाढायचे आणि कोणत्या क्रमाने, हे सर्व कारागिरावर सोपवले.

येथील भात मला मासळीहूनही सरस वाटला. साके हे तांदळाचे मद्य गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्यापासून केलेले लाल व्हिनेगर वापरल्याने त्याला फिकट तपकिरी छटा येते, चव काहीशी गंभीर होते, आणि तो अंगाच्या उबेइतका कोमट असतानाच हातावर वळला जात असल्यामुळे जिभेवर टेकताच सुटा होतो. म्हणूनच निगिरी, म्हणजे वळलेल्या भातावर मासळी ठेवलेली सुशी, समोर आली की लगेच, आणि एकाच घासात खावी. छायाचित्रे काढण्यात वेळ घालवला, तर भात गार होतो आणि कारागिराने साधलेला मेळ बिघडतो.

कोहादा ही रुपेरी कातडीची लहान मासळी मला सर्वांत आवडली. तिला आधी मीठ लावतात, मग व्हिनेगरमध्ये मुरवतात, आणि मीठ किती वेळ ठेवायचे हे मासळीच्या आकारावर व चरबीवर ठरते. त्यामुळे जाणकार लोक कारागिराचा हात कोहाद्यावरून जोखतात. येथे कारागिराने तुकड्यावर दोन बारीक चिरा दिल्या, भातावर ठेवून बोटांनी हलकेच दाबला, कुंचल्याने सोया सॉस फिरवला आणि समोर ठेवला. असा सॉस लावून आलेला घास पुन्हा बुडवू नये. जिथे बुडवायचा असेल, तिथे मासळीची बाजू खाली करावी, कारण भाताने सॉस शोषला की तो विस्कटतो आणि खारटपणाखाली बाकीची चव दबते. वासाबी ही झणझणीत हिरवी चटणी भात आणि मासळी यांच्यामध्ये लावलेलीच असते. ती सॉसमध्ये कालवून चिखल करू नये. आल्याच्या आंबटगोड चकत्या दोन घासांच्या मधे, तोंड स्वच्छ करण्यासाठी खाव्यात. हाताने खाणे पूर्णपणे शिष्टसंमत आहे. निगिरी एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, रस्त्यांवरील गाड्यांवर, १९व्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली, आणि चॉपस्टिक्सपेक्षा बोटांत ती कमी मोडते. तीव्र अत्तर मात्र लावून जाऊ नये. एवढ्या लहान जागेत शेजाऱ्याच्याही घासाचा वास हरवतो.

उणिवाही आहेत. ट्यूना जरुरीपेक्षा गार आला, मिसो सूप खारट होते, आणि जेवणाच्या उत्तरार्धात घास इतक्या घाईने येऊ लागले की चहाचा घोट घ्यायलाही उसंत मिळेना. ५,००० येनच्या साध्या जेवणात हे चालून जाईल, परंतु इतक्या निगुतीच्या ठिकाणी ते खटकतेच.

शाकाहारी मराठी वाचकांनी आरक्षण करतानाच स्पष्ट सांगावे. कप्पामाकी, म्हणजे काकडी घातलेली भाताची गुंडाळी, मिळते. पण मिसो सूप, अंड्याचा गोडसर तामागो आणि वाळवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्यांचा कानप्यो यांत बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क, म्हणजे दाशी, असतो, आणि तो दिसत नाही.

टिप ठेवण्याची पद्धत नाही; उठताना ‘गोचिसोसामा’ म्हणून जेवणाबद्दल आभार मानावेत. त्याआधी, पोटात जागा असेल तर, गोड दाट सॉस लावलेला आनागो, म्हणजे समुद्री वाम मासा, आणखी एक मागून घ्यावा. ओमाकासे संपल्यावर आवडीचा घास पुन्हा मागणे येथे रीतीला धरूनच आहे.