१९२४ ची खुर्ची, ७५,८०० रुपये आणि एक स्टार स्क्रू

जुन्या शिसवी खुर्च्या म्हणून मला नकली माल विकला गेला. आधी आकडा सांगतो: ७५,८०० रुपये. लांब हातांची आरामखुर्ची २८,०००, हाताच्या चार खुर्च्या प्रत्येकी ९,५०० प्रमाणे ३८,०००, पॉलिश ४,५००, ‘फॉरेस्टचा पास’ म्हणजे लाकूड हलवायचा परवाना ३,५०० आणि टेम्पो १,८००. यातले २०,००० फोनवरून गेले, बाकी रोख. पावती मागितली नाही असं कुणी समजू नये. ‘बिल करायचं तर टॅक्स पडतोय की हो साहेब’ हे उत्तर बेळगावात कुणी ऐकलेलं नाही?

असला जुना माल विकणाऱ्यांची पद्धत तुम्हाला माहीत असलेलीच. कॅम्पातला बंगला पाडायचाय, वारस बाहेरगावी, माल लगेच हलवायचाय, दोन गिऱ्हाइकं बघून गेलीत. वर फोडणी अशी की या खुर्च्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनातल्या. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन टिळकवाडीत भरलं होतं, तिथली काँग्रेस विहीर आपण लहानपणापासून बघतो. आपल्या माणसाचं काळीज कुठं विरघळतं ते या लोकांना बरोबर ठाऊक. १९२१ ला अहमदाबादच्या अधिवेशनात प्रतिनिधींच्या खुर्च्या काढून खाली खादीची बैठक घातली होती हे मी वाचलेलं होतं, विचारलंही. ‘या स्टेजवरच्या हो’ विकणारा म्हणाला. यावर काय बोलणार?

शिनोळीजवळ वेंगुर्ला रोडला पत्र्याच्या गोदामात दाखवलेली आरामखुर्ची मात्र अस्सल शिसवीची होती, हे आजही छातीठोक सांगतो. जांभळट तपकिरी लाकूड, त्यात काळ्या रेघा, एका हातानं उचलेना इतकी जड. हाताखालच्या फळ्या पुढं फिरवून त्यावर पाय टाकायचे, जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यात असायची तसली. पाठीला वेताची वीण, मधोमध झोळ आलेला. कुसू, म्हणजे लाकडाचं निमुळतं टोक, खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी मारलेली. अशा जोडात शंभर वर्षांनीही खुर्ची कुरकुरत नाही. लाकडाचं वेड असलेल्या माणसानं तिथं काय करायचं होतं?

फसवणूक झाली ती पॉलिशच्या नावाखाली. ‘लाखेचा हात फिरवून घरपोच देतो.’ बघितला तो माल आत गेला, आला तो दुसराच.

टेम्पो आला संध्याकाळी, आमच्या गल्लीत लाईट नाही. टेम्पोबरोबर आलेला पोरगा घाई करत होता, गोणपाट एकाच खुर्चीचं सोडलं होतं. मी ती उलटी करून मोबाईलच्या उजेडात बघितली. बैठकीखाली कोपऱ्यात एक स्क्रू चमकत होता. डोक्यावर फुली. स्टार स्क्रू! हा स्क्रू बाजारात आला तोच १९३० च्या दशकात, अमेरिकेत. १९२४ च्या खुर्चीत तो कुठून येणार? तिथंच पैसे खिशात ठेवायला हवे होते. पण स्क्रू दिसला म्हणजे खुर्ची खोटी, असंही नसतं. इराणी हॉटेलात असायची ती वाकवलेल्या लाकडाची खुर्ची घ्या. मूळ थोनेट या फर्निचर कंपनीची, १८५९ ची. सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, सगळी सुटी होऊन खोक्यात बसायची. स्क्रूची खोड नव्हती, त्याच्या डोक्यावरच्या फुलीची होती. विचारल्यावर पोरगा म्हणाला, ‘रिपेरीत घातलाय, अण्णा.’ पटलं. पैसे मोजले. सकाळी बाकीची गोणपाटं सोडली तर चारही खुर्च्यांना त्याच कोपऱ्यात तसलाच स्क्रू. चारही खुर्च्या एकाच जागी मोडल्या होत्या काय?

अनगोळच्या एका सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी पटाशीनं खालून खरवडलं तर आत फिकट लाकूड, बहुतेक आकेशिया म्हणाले. कीड लागल्याची भोकं सगळी एका मापाची, सरळ. ड्रिल मारलेलं. खरी कीड वेडीवाकडी पोखरते. आरामखुर्चीचा वेतसुद्धा प्लास्टिकचा.

आता पोलीस साहेब लोकांचं ऐका. इकडच्या ठाण्यात गेलो तर गोदाम शिनोळीत, म्हणजे महाराष्ट्रात, तिकडं जावा. तिकडं गेलो तर पैसे बेळगावात दिलेत, माल बेळगावात उतरला, तिकडंच तक्रार द्या. मराठीत लिहिलेला अर्ज इकडं परत केला, कन्नडमध्ये लिहून घेऊन गेलो तर साहेब बंदोबस्ताला. सीमा कुणाची यावर आमच्या दोन पिढ्या भांडल्या, पण चोर पकडायचा म्हटलं की ती जमीन कुणालाच नको! १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची असते. हे मी म्हटल्यावर हवालदारानं असं बघितलं, जणू मीच खुर्च्या विकल्यात. ‘लाकडासाठी कशाला एवढं?’ हेही वर ऐकून घेतलं. ७५,८०० तुझ्या पगारातून जाऊ देत, मग सांग.

फोनवरून पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढं सरकतात. माझं कळेपर्यंत खातं रिकामं होतं. दुकानदाराशी व्यवहार असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन आहे, पण तिथंही कागद हवा. बघितलेल्या खुर्चीच्या खाली स्वतःची खूण करून ठेवा, पॉलिशला आपल्याच सुताराकडं न्या. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून रंग आला म्हणून माल खोटा ठरवू नका, खऱ्या लाखेच्या पॉलिशलाही स्पिरिट लागलं की ते सुटतंच. खालच्या बाजूनं खरवडूनच बघा. जुन्या खुर्चीचा कातलेला पाय कॅलिपरनं दोन बाजूंनी मोजा, लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही, म्हणून तो बारीकसा लंबगोल झालेला असतो. फॉरेस्टच्या पासाचे पैसे मागितले तर पास हातात घ्या, मगच पैसे. दिवसा उतरवून घ्या.

त्याच आरामखुर्चीचा फोटो परवा पुन्हा दिसला. आता ती गोव्यातल्या पोर्तुगीज वाड्यातली आहे आणि भाव ४२,००० झालाय. निपाणी, संकेश्वर, खानापूरकडं कुणाला असला फोन आला असेल किंवा कुणाचे पैसे गेले असतील तर कळवा. अर्ज माझ्याकडं दोन्ही भाषांत तयार आहे, फक्त सह्या हव्यात.