स्पार-एच: कंट्रोल रूममधल्या चुकांचा हिशेब कितपत भरवशाचा?

अमेरिकेच्या अणुनियामक आयोगासाठी आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेने तयार केलेली स्पार-एच ही अणुवीज केंद्रातल्या ऑपरेटरच्या चुकीची शक्यता आकड्यात मांडायची पद्धत 2005 मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली. चालवायला सोपी आहे. ऑपरेटरचं काम निदानाचं (काय बिघडलंय ते ओळखण्याचं) की कृतीचं, ते आधी ठरवायचं. निदान चुकण्याची मूळ शक्यता 0.01, कृतीची 0.001. मग वेळ, ताण, गुंतागुंत, प्रशिक्षण, लेखी कार्यपद्धती, पॅनेलची रचना, तंदुरुस्ती आणि कामाची शिस्त या आठ घटकांचे गुणक लावायचे.

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघाताचं उदाहरण घ्या, 28 मार्च 1979. जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. पॅनेलवरचा दिवा मात्र व्हॉल्व्हला गेलेला आदेश दाखवायचा, प्रत्यक्ष स्थिती नाही. दिवा विझला, व्हॉल्व्ह बंद झाला असं धरलं गेलं आणि दोन तासांहून जास्त वेळ अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी बाहेर जात राहिलं. दिशाभूल करणाऱ्या पॅनेलला गुणक 50, टोकाच्या ताणाला 5, मोठ्या गुंतागुंतीला 5. गुणाकार 1250, तो निदानाच्या 0.01 ला लावला की शक्यता 12.5! हे अशक्य आहे, शक्यता 1 च्या वर जात नाही. म्हणून तीन किंवा जास्त घटक प्रतिकूल असले की सूत्र बदलतं: 12.5 भागिले (0.01 × (1250 − 1) + 1), उत्तर 0.93. ही पायरी गाळून सरळ 1 लिहू नका.

पद्धतीचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे परस्परावलंबन, म्हणजे एक चूक झाली की पुढची होण्याची शक्यता वाढणं. ऑपरेटर चुकला तर शिफ्ट सुपरवायझर पकडेल, असं म्हणून 0.001 ला 0.001 ने गुणणं धोक्याचं आहे. दोघं एकाच पाळीत, एकाच जागी, तेच मीटर बघतात. अवलंबन जास्त धरलं तर सूत्र (1 + 0.001) भागिले 2, म्हणजे दुसरी चूक होण्याची शक्यता जवळपास निम्मी. नव्याने वाजलेला अलार्म किंवा वेगळ्या ठिकाणचं मीटर असेल, तरच अवलंबन कमी धरावं.

उणिवाही आहेत. वेळ जेमतेम म्हणून 10, त्यातून ताण म्हणून 5, असं एकच कारण दोनदा मोजलं जातं आणि पद्धत ते पुरेसं अडवत नाही. काम किती तुकड्यांत पाडायचं, यावरही मार्गदर्शन तोकडं आहे; दोन विश्लेषकांची उत्तरं इथेच फाटतात. ऑपरेटरने चुकीच्या समजुतीतून मुद्दाम केलेली कृती शोधून द्यायला तर ती फारशी उपयोगाची नाही. थ्री माइल आयलंडला अणुभट्टीत जाणाऱ्या पाण्याचा पुरवठा ऑपरेटरांनी स्वतःच कमी केला होता.

धोक्यांची पहिली चाळणी लावायला जरूर वापरा. पण तक्ते टेबलावर बसून भरू नका. सिम्युलेटरवर खऱ्या पाळीला तो प्रसंग करू द्या, वेळ घड्याळ लावून मोजा, आणि प्रत्येक गुणकाशेजारी कारण लिहा. ज्या गुणकाला कारण सापडत नाही, तो 1 ठेवा.