रात्रीचा एकच तास असेल तर कोणता गेम घ्यावा?

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं विचारलं, "कॉलेजनंतर काहीच खेळलो नाहीये. एकच गेम घ्यायचाय. कुठला घेऊ?" त्याला आठ महिन्यांची मुलगी आहे, हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजतात आणि लॅपटॉप सहा वर्षांचा आहे. मी नाव सांगण्याआधी त्यालाच विचारलं, "मुलगी रडायला लागली तर हातातला खेळ तिथल्या तिथे सोडता आला पाहिजे ना?"

नोकरी-संसार असलेल्या माणसानं हे आधी बघावं असं मला मनापासून वाटतं. चित्रं किती सुंदर आहेत, बक्षिसं किती मिळालीत, हे नंतर. कॉलेजात असताना आम्ही कर्वेनगरच्या सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळायला जायचो, तेव्हा पैसे भरलेला तास संपेपर्यंत कुणी हाक मारत नसे. आता तास आपला असतो, पण सलग मिळत नाही. बेल वाजते, आईचा फोन येतो, लाईट जाते. शिवाय कामाची गडबड असली की मध्ये दोन-तीन आठवडे कंप्युटर उघडलाच जात नाही. म्हणून मी प्रत्येक गेमला दोन प्रश्न लावते: मध्येच उठता येतं का, आणि महिन्यानं परत आलं तर तो आपल्याला घरात घेतो का?

सुरुवात स्टारड्यू व्हॅलीपासून करते, कारण माझ्या घरी सगळ्यात जास्त तास त्यावर गेलेत. २०१६ साली आलेला हा गेम एरिक बारोन या एका माणसानं साडेचारेक वर्षं खपून बनवला. चित्रं, संगीत, संवाद, कोड, सगळं एकट्यानं. शहरातली नोकरी सोडून आजोबांच्या पडीक शेतावर राहायला यायचं, एवढीच गोष्ट. पहिल्याच दिवशी हातात पार्सनिपच्या १५ बिया मिळतात. पार्सनिप म्हणजे मुळ्यासारखा पांढरा कंद. तण काढायचं, माती उकरायची, झारीनं पाणी घालायचं, चार दिवसांनी पीक.

आजी दिवाळीला ओतूरहून आली होती. माझ्या मागे खुर्ची घेऊन बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "चार दिवसांत? कुठलं वाण आहे गं?" मी सांगितलं, खेळातलं आहे. "आणि भाव?" म्हटलं, एका कंदाला ३५. "कितीही माल नेला तरी?" "हो आजी, कितीही नेला तरी तोच." ती जरा गप्प झाली. "मग बरं आहे," म्हणाली.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना ही गोष्ट पहिल्या तासातच जाणवेल. या गावात बाजार पडत नाही. पेटीत माल टाकायचा, सकाळी पैसे जमा. दुष्काळ नाही; पाऊस पडला तर उलट त्या दिवशी पाणी घालायचं काम वाचतं. याला मी दोष म्हणणार नाही. दिवसभराच्या धावपळीनंतर केलेल्या कष्टाचं मोल ठरल्याप्रमाणे मिळतं, हे बघायलाच मी तिथं जाते. मात्र एका बाबतीत गेम कडक आहे. प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा असतो आणि तो बदलला की त्या ऋतूचं उभं पीक मरतं. पहिल्या वसंतात मी १८ तारखेला फ्लॉवर लावला. फ्लॉवरला लागतात १२ दिवस. उन्हाळ्याच्या पहिल्या सकाळी दार उघडलं तर सगळी ओळ वाळून गेलेली.

मध्येच उठायचं झालं तर मेन्यू उघडायचा, वेळ थांबते. पण गेम सेव्ह होतो तो फक्त झोपल्यावर. खेळातला दिवस आपल्या साधारण १४ मिनिटांचा, त्यामुळे लाईट गेली तर तेवढा दिवस पुन्हा. माझा डेस्कटॉप आहे, यूपीएस नाही. पावसाळ्यात मी असे कितीतरी दिवस दोनदा जगलेय. लॅपटॉपवाल्यांना ही काळजी नाही. जागाही ५०० एमबीच लागते, जुन्या मशीनवर आरामात चालतो. सुरुवातीला मासेमारी फार छळते आणि पहिले दोन आठवडे नेमकं काय करायचं ते कळत नाही. तिथं कंटाळून सोडणारे बरेच आहेत. तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबा.

द विचर ३ अगदी वेगळ्या जातीचा. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीनं २०१५ साली काढला आणि आजही गोष्टीसाठी कुणी गेम विचारला तर माझ्या तोंडी पहिलं नाव हेच येतं. गेराल्ट हा पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस. मुलीसारखी वाढवलेली सिरी हरवलीय, तिला शोधत तो फिरतोय.

वेलन नावाचा युद्धानं उद्ध्वस्त झालेला दलदलीचा मुलूख आहे, तिथं एक सरदार भेटतो. म्हणतो, माझी बायको आणि मुलगी बेपत्ता आहेत. त्यांना शोध, मग सिरीबद्दल सांगतो. तुम्ही त्याच्या घरातल्या खोल्या तपासायला लागता आणि हळूहळू कळत जातं की हा दारू पिऊन बायकोला मारायचा, त्यातच तिचा गर्भ पडला, आणि धड पुरलं न गेलेलं ते पोर आता भूत होऊन फिरतंय. पुढे दोन वाटा आहेत. सरळ मारून टाकायचं, नाहीतर बापानंच त्याला हातात घेऊन घरापर्यंत आणायचं, नाव ठेवायचं आणि उंबऱ्याशी पुरायचं. मी दुसरी वाट घेतली. रात्रीची वेळ, पुढे तो आडदांड माणूस ते कुरूप पोर छातीशी धरून चालतोय, ते मध्येच चवताळतं, आपण मंत्रानं शांत करायचं. बारसं न झालेल्या लेकराला बाप उंबऱ्यापाशी नाव देतो, तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवला होता. त्या माणसाचा राग करावा की कीव, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढं गुंतवणारं लिखाण मी दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये पाहिलेलं नाही.

आता उणी बाजू. लढाई सुमार आहे. चकवायचं, दोन वार, पुन्हा चकवायचं. तीसेक तासांनंतर हात आपोआप चालतात. सामानाच्या पिशवीत इतका पसारा होतो की अर्धा तास तो आवरण्यात जातो. स्केलिगे नावाच्या बेटांच्या समुद्रात नकाशावर प्रश्नचिन्हांचा सडा पडलाय. नावेनं जाऊन बघावं तर बहुतेक ठिकाणी तस्करांच्या पेट्या. ती बेलाशक सोडून द्या. नुसती मुख्य गोष्ट पन्नासेक तास घेते, सगळं करायचं म्हटलं तर शंभराच्या पुढे. रोज एक तास धरला तर हा दोन-तीन महिन्यांचा सोबती आहे, हे आधीच मनाशी धरा. लढाई चालू नसेल तर कुठेही सेव्ह होतो. आणि मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे, पुन्हा उघडताना कथेत तुम्ही कुठवर आलात ते निवेदक थोडक्यात सांगतो. मी दीड महिन्यानं परतले होते, तरी पाच मिनिटांत रुळले. मुलं जागी असताना मात्र लावू नका. हिंसा आहे, नग्नता आहे. जागा ५० जीबी हवी आणि ग्राफिक्स कार्ड बरं हवं.

एल्डन रिंग मी अर्धा सोडला. २०२२ मधला हा जपानी गेम वाईट म्हणून सोडला नाही. माझ्या दिवसात तो बसला नाही. याला थांबवताच येत नाही. मेन्यू उघडला तरी समोरचा मारतच राहतो. गंमत म्हणजे लाईट गेल्यावर सगळ्यात कमी नुकसान इथंच होतं, कारण गेम सतत स्वतःच सेव्ह करत असतो. मेलात की जमवलेल्या रून्स, म्हणजे खेळातलं चलन, तिथंच पडतात. त्या घ्यायला जाताना पुन्हा मेलात तर कायमच्या गेल्या.

स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दाराशी मार्गिट नावाचा राक्षस आहे. तो काठी वर उचलतो आणि क्षणभर तशीच धरतो. आपण घाबरून आधीच कोलांटी मारतो, कोलांटी संपते, आणि मग काठी खाली येते. अकरा संध्याकाळी मी त्या एका क्षणाला फसले. शेवटी तिथून निघाले, घोड्यावर बसून दक्षिणेच्या वीपिंग पेनिन्सुलात गेले, छोट्या छोट्या लढायांत अंगात बळ आणलं, तलवार घडवून घेतली आणि परत आले. चौथ्या प्रयत्नात पडला. अडलेल्या दारावर डोकं आपटत बसण्यापेक्षा दुसरीकडून तयारी करून यावं, हे हा गेम तोंडानं कुठेच सांगत नाही, आणि ते आपलं आपल्याला सापडल्याचा आनंद खरंच मोठा असतो. पण पुढे ऑफिसात रिलीज आलं, तीन आठवडे गॅप पडली. परतले तेव्हा बोटं विसरली होती. कोण काय सांगून गेलं होतं याची नोंद गेम ठेवत नाही, त्यामुळे कुठं जायचं होतं तेही आठवेना. सुट्टी लावून, सलग महिनाभर देता येणार असेल तरच हा घ्या. किमान १२ जीबी रॅम आणि ६० जीबी जागा लागते, तेही बघून ठेवा.

मरून पुन्हा उठण्यातली हीच मजा हवी आहे, पण वेळ कमी आहे? मग हेडीस घ्या. २०२० चा. ग्रीक पाताळाच्या राजाचा मुलगा घरातून पळून जायला बघतो; मेला की पुन्हा घरी. एक पूर्ण फेरी साधारण अर्ध्या तासाची. मध्येच बंद केला तर त्याच खोलीच्या दारापासून सुरू होतो. घरी परतल्यावर प्रत्येकाकडे नवं काहीतरी बोलायला असतं, म्हणून हरण्याचा त्रास होत नाही. फार अवघड वाटला तर गॉड मोड लावा: मार आधी २० टक्के कमी बसतो, दर मृत्यूनंतर २ टक्के आणखी कमी, थेट ८० टक्क्यांपर्यंत. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका, मीही लावला होता. मुख्य कथा पुरी व्हायला दहादा बाहेर पडावं लागतं आणि त्या चारच प्रदेशांतून, तेव्हा शेवटी शेवटी तोचतोचपणा येतो.

नवरा-बायको दोघांना मिळून खेळायचं असेल तर इट टेक्स टू. एकट्याला खेळताच येत नाही. मी बहिणीबरोबर संपवला. या सगळ्या यादीत फक्त या एका गेमनं आम्हाला सोफ्यावर शेजारी बसवलं.

फुकट म्हणून मोबाईलवर बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, खेळावा का, असंही विचारतात. मॅच अर्ध्या तासाची, चौघांची टीम. तुम्ही उठलात तर उरलेले तिघं अडचणीत. घरात लहान मूल असेल तर नको.

राजीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण तो आपल्या पुण्यात बनला. नॉडिंग हेड्स गेम्स हा इथलाच स्टुडिओ. २०२० साली हा गेम आला. राजी ही सर्कशीत खेळ करणारी पोर, असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिच्याकडे वरून बघत आपसांत बोलत असतात. भिंतींवर पहाडी शैलीची चित्रं, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारखे, महाल राजस्थानी. दिवाणखान्याच्या एका भिंतीपाशी थांबून मी चित्रातली देवीची गोष्ट ऐकत उभी राहिले. आपली देवळं, आपली दैवतं परक्याच्या नजरेनं नाही तर घरच्यासारखी दाखवलेली बघून ऊर भरून आला. नंतरच्या आवृत्तीत हिंदी आवाजही आले.

तरी खरं सांगायला हवं. लढाई थोड्या वेळानं एकसुरी होते, कॅमेरा लांब असल्यामुळे उडी चुकते, आणि गोष्ट जिथं रंगायला हवी तिथंच संपते. पाच-सहा तासांत खेळ आटोपतो. पण आठवडाभराचे पाच-सहा तासच हाताशी असतील तर ही लांबी सोयीचीच. अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी हा २०१७ चा गेमही भारतातला, पश्चिम घाटात घडतो. एकदंताची, परशुरामाची गोष्ट त्यात प्रेमानं सांगितलीय, होयसळ शिल्पं जीव लावून काढलीत, दिसायला तो राजीपेक्षा कितीतरी देखणा आहे. पण राजगड-तोरणा केलेल्या माणसाला तो घाट ओळखीचा वाटत नाही. जीप पळवायला एवढं मोकळं मैदान आपल्या घाटात कुठं? दोन्हींत एकच घ्यायचा असेल तर मी राजी घेईन.

पैसे टाकताना एक लक्षात ठेवा. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर गेम परत करता येतो. सहकाऱ्याला मी स्टारड्यू सांगितला होता, पण सेल लागला म्हणून त्यानं विचर घेतला. पहिल्या रात्री दीड तास खेळला. लॅपटॉप तव्यासारखा तापला, पंख्याच्या आवाजानं मुलगी उठली. दुसऱ्या दिवशी गेम परत केला आणि स्टारड्यू घेतला.

काल जेवणाच्या सुट्टीत त्यानं विचारलं, "माझ्याकडे शरद ऋतूची १६ तारीख आहे. भोपळ्याला १३ दिवस लागतात. लावू का?"

"नको लावूस," मी म्हटलं. "काल लावायला हवा होतास."